छर्रे डावीकडेच का जातात?

"काका, पिस्तूलच वाकडं आहे!"

माझी पुतणी दारातून आत आली ती हे म्हणतच. पाठीवरची बॅग सोफ्यावर टाकली आणि जाड कागदाचा एक चौकोन माझ्या पुढ्यात ठेवला. मधोमध काळं वर्तुळ, त्याच्या आतबाहेर बारीक रेघांची कडी. आणि भोकं? सगळी भोकं काळ्या वर्तुळाच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला. जणू उंदरांनी कागदाचा तेवढाच कोपरा पसंत केला होता!

"तीस छर्रे मारले. त्यातले बावीस डावीकडे," ती म्हणाली. "क्लबच्या जुन्या पिस्तुलाने असं होत नव्हतं."

दोस्तांनो, माझी ही पुतणी नववीत आहे आणि आम्ही राहतो कोल्हापुरात. कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला कुस्ती, गूळ आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवणार. पण नेमबाजीतही आमचं गाव मागे नाही बरं का! तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये जगज्जेती झाली, ती इथलीच. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं मिळवलं, तीही इथलीच. आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे आमच्या राधानगरी तालुक्यातला. तेव्हा गल्लीतली चार पोरंपोरी रेंजवर जायला लागली, यात नवल ते काय!

पुतणी आठ महिने क्लबच्या पिस्तुलावर शिकली. तिचे वडील, म्हणजे आमचा दादा, उद्यमनगरात टर्नर आहे. ओव्हरटाइम करून, भिशीचे पैसे घालून त्याने तिला नवं कोरं, स्पर्धेत चालणारं पिस्तूल घेऊन दिलं. आणि पहिल्याच आठवड्यात हे असं! दादाचा चेहरा बघवत नव्हता. परत द्यावं, तर दुकानदार म्हणणार, वापरलेलं परत घेत नाही. ठेवावं, तर पोरगी म्हणते वाकडं आहे. तीन आठवड्यांनी तिची पहिली स्पर्धा होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही तिच्या सरांना भेटायला रेंजवर गेलो.

एका बटणाएवढं लक्ष्य

आधी या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. एअर पिस्तुलात दारू नसते. दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. छर्रा म्हणजे रेंजवरच्या भाषेत पेलेट. तो शिशाचा, ४.५ मिलिमीटर जाडीचा, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम. कमरेत बारीक, खाली घागऱ्यासारखा पसरट आणि डोक्यावर सपाट. डोकं सपाट कशाला? कागदाला गोल, स्वच्छ भोक पडावं म्हणून. टोकदार छर्ऱ्याने कागद फाटतो आणि मग गुणांवरून भांडणं!

लक्ष्य १० मीटरवर. त्यातलं काळं वर्तुळ सहा सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी, म्हणजे ५९.५ मिलिमीटर. आणि दहा गुणांचं कडं फक्त ११.५ मिलिमीटर. तुमच्या शाळेच्या शर्टाचं बटण बघा. साधारण तेवढंच! ते दहा मीटरवरून, एकाच हाताने, उभ्याउभ्या टिपायचं. दुसरा हात खिशात किंवा कमरेवर. स्पर्धेत असे साठ छर्रे, सव्वा तासात.

पिस्तुलाचे प्रकार बरेच. काहींमध्ये जाड स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. काहींमध्ये दर वेळी लीव्हर ओढून हवा भरतात. पुतणीच्या पिस्तुलाला नळीखाली एक बारीक सिलिंडर आहे. त्यात २०० बार दाबाने हवा भरतात. स्कूटरच्या टायरमध्ये साधारण दोन बार असते. म्हणजे हे शंभरपट झालं! म्हणूनच सरांनी पहिल्या दिवशीच ताकीद दिली होती : सिलिंडरला पाना लावायचा नाही, त्याच्यावर छापलेली मुदत संपली की तो वापरायचा नाही, आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही.

दादाचा बेत

सरांनी पिस्तूल हातात घेतलं. सगळ्यात आधी ते रिकामं आहे याची खात्री केली, नळीचं तोंड समोरच्या भिंतीकडेच ठेवलं आणि मग दहा छर्रे स्वतः मारले. दहाही काळ्यात. किंचित उजवीकडे, पण एकमेकांना चिकटून.

"पिस्तूल सरळ आहे," ते म्हणाले.

दादाला हायसं वाटलं खरं, पण त्याच्या डोक्यात आधीच एक बेत शिजला होता. टर्नरच तो! यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. आदल्या रात्री त्याने माहितीपुस्तिकेतला नकाशा नीट बघून ठेवला होता.

"सर, आत एक छोटी हातोडी आहे ना, जी व्हॉल्व्हवर आपटते? तिची स्प्रिंग जरा कडक करून देतो. छर्रा जोरात जाईल, मग कुठे भरकटणार?"

सर हसले. "जोरात जाऊन करायचं काय? कागदच फोडायचाय ना?"

मग त्यांनी खडूने फळ्यावर हिशेब मांडला. छर्रा नळीतून सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो. म्हणजे १० मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याला दोनेक सेंटिमीटर खाली ओढते. पण ते दर वेळी तेवढंच! साइट एकदा जुळवली की तो फरक पुसला जातो. घोळ होतो तो वेग कमीजास्त झाला की. आज १५०, उद्या १६५, परवा १४०, तर छर्रे वरखाली होणार. कारखान्याने सगळं तोलून दिलेलं असतं. त्यात स्प्रिंग कडक केली की धक्का वाढतो, हवा लवकर संपते आणि वेगाचा मेळ जातो. "शिवाय जोर वाढवलेल्या पिस्तुलाला कायदा आणि नियम वेगळे लागतात, दादा. पोरीच्या नावाने तसलं लफडं नको."

स्प्रिंगच्या पिस्तुलातही काही जण हा उद्योग करतात. कोणी जाड स्प्रिंग घालतं, कोणी आत तेल सोडतं. हे तेल फार वाईट. दट्ट्या जोरात पुढे येतो तेव्हा हवा इतकी तापते की तेल पेट घेतं. डिझेल इंजिनात होतं तेच! आवाज मोठा येतो, धूर दिसतो, मालक खूश होतो. आणि आतलं सील जळून जातं.

"मग मी काहीच करायचं नाही का?" दादाने जरा हिरमुसून विचारलं.

"करायचंय की! भरपूर. पण पिस्तुलाच्या आत नाही. बाहेर, जिथे पोरीचा हात लागतो तिथे."

सरांची युक्ती

आता डावीकडचं कोडं. सरांनी पुतणीला लक्ष्याकडे तोंड करून उभं केलं. म्हणाले, "पिस्तूल मी तयार करून तुझ्यासमोर टेबलावर ठेवणार. कधी छर्रा भरलेला असेल, कधी नुसत्या कोरड्या खटक्यावर लावलेलं असेल. तुला कळणार नाही. तू आपली नेम धर आणि मार."

पहिला छर्रा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक्' वाजलं. आणि त्या क्षणी पिस्तुलाच्या नळीने चक्क मान टाकली! खाली आणि डावीकडे. छर्रा नाही, हवा नाही, धक्का नाही. तरी नळी हललीच. मी मागे उभा होतो, मलासुद्धा स्पष्ट दिसलं.

पुतणी लाल झाली. "म्हणजे मीच..."

"तूच," सर शांतपणे म्हणाले. "पण एकटी तू नाही. आधी हात दाखव बघू."

तिचा हात ग्रिपवर ठेवून त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं. ग्रिप म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ. ही मूठ मोठ्या माणसाच्या पंजासाठी केलेली. नववीतल्या मुलीच्या तळव्यात आणि लाकडात एवढी फट की पेन्सिल आरपार जावी. बोट ट्रिगरवर पोहोचायचं ते ओढूनताणून, नुसतं टोक. मग ट्रिगर सरळ मागे यायच्या ऐवजी बोट त्याला तिरकं डावीकडे ढकलायचं. आणि मूठ सैल, म्हणून खटका दाबताना सगळा पंजाच आवळला जायचा. उजव्या हाताच्या नेमबाजाने पंजा आवळला की नळी खाली डावीकडे जाते. बावीस छर्ऱ्यांचं कोडं सुटलं!

यात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. छर्रे एका जागी घट्ट जमलेत, पण ती जागा चुकीची आहे, तर बहुतेक साइट हलवायला हवी. छर्रे एका बाजूला विखरत, ओघळत गेलेत, तर दोष हातात शोधायचा. पुतणीचे ओघळले होते.

कानस, लांबी आणि काचपेपर

त्या शनिवारी आमच्या घराच्या पडवीत कारखानाच सुरू झाला. सर स्वतः आले होते. पिस्तुलावरून मूठ सोडवून बाजूला काढली. पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप. पुढचं सगळं काम नुसत्या लाकडावर.

आधी एक सोपी गोष्ट केली. मुठीच्या खालच्या बाजूला तळव्याला टेकू देणारी एक फळी असते. ती स्क्रूने वरखाली होते. ती दोन मिलिमीटर, मग आणखी एक मिलिमीटर वर घेतली. पंजा वरून खाली दाबला जाईल इतकी नव्हे. नुसता टेकेल इतकी. ट्रिगरची पट्टीही मागे सरकते, ती सगळी मागे घेतली. आता बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग बरोबर मधोमध बसू लागला.

मग राहिली ती फट. सुतार लाकडातली भोकं बुजवायला लांबी वापरतात ना, तसला दोन गोळे मळून लावायचा मसाला दादाने आणला. तो मळून फटीच्या जागी थापला, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद, आणि पुतणीने मूठ नेहमीसारखी धरली. आवळून नाही हं! हात मिळवताना धरतो तशी. पाच मिनिटं. हात काढला तर तिच्या तळव्याच्या रेघा उमटलेल्या! आजी बघून म्हणाली, "हे काय, ज्योतिषाकडे न्यायचंय का?"

रात्रभर वाळू दिलं. रविवारी दादाने कानस घेतली. या कामात त्याचा हात धरणारं कोणी नाही. पण सरांनी एकच अट घातली होती : एका वेळी एकच बदल, आणि थोडाच. लाकूड घासून काढता येतं, परत चिकटवता येत नाही. थोडं घासायचं, मूठ बसवायची, पुतणीने धरून बघायची, पुन्हा घासायचं. शेवटी काचपेपर. गुळगुळीत मात्र करायचं नाही. घामाने हात सरकतो.

नियमाचंही भान ठेवावं लागतं. मूठ हाताला वेढा घालणारी नको, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, तळव्याच्या फळीला वरच्या बाजूला वळण नको. आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. वजन दीड किलोच्या आत. स्पर्धेच्या आधी ही खरोखरच पेटीत घालून बघतात.

मूठ बसली की नाही हे ओळखायची परीक्षा मला फार आवडली. डोळे मिटायचे. हात वर करायचा, दोनदा श्वास घ्यायचा. डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर मूठ तुमची. डावीउजवीकडे दिसली, तर अजून काम बाकी. पुतणीची आठव्या खेपेला मधोमध आली. रविवारची संध्याकाळ झाली होती, आणि दादाच्या मिशीवर लाकडाचा भुसा!

एक मिलिमीटरची किंमत

साइट म्हणजे काय ते आता सांगतो. नळीच्या पुढच्या टोकाला एक उभा चौकोनी खुंट. मागे एक पट्टी, तिला चौकोनी खाच. खुंट खाचेच्या बरोबर मध्ये, दोघांची डोकी एका रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. झाला नेम. आणि नजर कुठे ठेवायची? लक्ष्यावर? नाही! पुढच्या खुंटावर. लक्ष्य धूसर दिसलं तरी बेहत्तर.

"असं कसं? जिथे मारायचं तिथे बघायचं नाही?" मीही सरांना हाच प्रश्न विचारला. त्यांनी पुन्हा खडू उचलला. नववीतल्या मुलांनो, समरूप त्रिकोण आठवा.

दोन साइटमधलं अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर. खुंट खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकला असं समजा. ३२ सेंटिमीटरला एक मिलिमीटर, तर १० मीटरला किती? सुमारे ३१ मिलिमीटर! लक्ष्यावर दोन कड्यांमध्ये आठ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. पण साइट नीट जुळलेल्या असताना सगळा हातच एक मिलिमीटर बाजूला हलला, तर छर्राही एकच मिलिमीटर हलतो. दहाचा दहाच राहतो. आता सांगा, नजर कुठे ठेवायची?

मागची साइट हलवायचा नियम सोपा. छर्रा जिकडे न्यायचा, तिकडेच मागची साइट न्यायची. छर्रे उजवीकडे पडताहेत, तर साइट डावीकडे. नवशिके मात्र दोन छर्रे चुकले की लगेच स्क्रू फिरवतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव फिरून येतात. सरांचा नियम : आधी दहा छर्रे, मग त्यांचा मध्य काढायचा, मगच हात लावायचा. पुतणीने आता दहा मारले, तेव्हा ते काळ्यात जमले. सरांच्यासारखेच, किंचित उजवीकडे. तीन खटके डावीकडे, बस्स!

घरी पिस्तूल नसलं तरी याची थोडी चव घेता येईल. पाण्याने भरलेली लिटरची बाटली एका हाताने, हात सरळ खांद्याच्या रेषेत धरून एक मिनिट उभे राहा. पिस्तुलाचं वजन साधारण तेवढंच असतं. बाटलीचं झाकण समोरच्या भिंतीवर कसं आठचे आकडे काढतं ते बघा. नेमबाजाचाही हात हलतोच. तो थांबवता येत नाही, फक्त लहान करता येतो.

छर्ऱ्यांचीही निवड असते. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते डोक्याचे माप. कुठल्या नळीला कुठला रुचेल ते मारूनच कळतं. घागरा चेपलेला छर्रा बाजूला टाकायचा. आणि एक गोष्ट आईबाबांनीही वाचावी : छर्रे शिशाचे, आणि शिसं पोटात जाणं वाईट. तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर खाऊ खायचा नाही, निघताना साबणाने हात धुवायचे. आमच्या पुतणीला हे दहादा सांगावं लागलं. वडापाव समोर असला की तिला काही आठवत नाही.

खट्ट!

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. सरावात साठ छर्ऱ्यांना ४८९ गुण व्हायचे, ते ५१५ झाले. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री बाईसाहेबांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे!

ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला मऊ, बोट नुसतं मागे येतं. मग एक भिंत लागते. त्या भिंतीवर आणखी जरासा दाब दिला की छर्रा सुटतो. या सगळ्याला मिळून कमीतकमी ५०० ग्रॅम जोर लागलाच पाहिजे असा नियम आहे. पुतणीने विचार केला, भिंत आणखी हलकी केली तर हात कमी हलेल. विचार चुकीचा नव्हता. तसं होतंच, म्हणून तर नियम केलाय! तिने दादाच्या पेटीतली बारीक ॲलन की घेतली आणि स्क्रू फिरवला. थोडा. मग आणखी थोडा. मग शेजारचाही. किती, ते कुठे लिहून ठेवलं नाही.

सकाळी स्पर्धेच्या ठिकाणी हत्यारांची तपासणी. पेटीत मावलं, काट्यावर वजन बसलं. मग पंचांनी रिकाम्या पिस्तुलाचा खटका चढवला, नळी सरळ वर केली, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं आणि हळूच उचललं.

खट्ट!

वजन टेबलावरून उठायच्या आतच खटका पडला. अशा तीन संध्या मिळतात. दुसरी, खट्ट. तिसरी, खट्ट. "ट्रिगर नीट करून परत आणा," पंच म्हणाले. रागावून नाही, पण थांबलेही नाहीत. मागे रांग होती. ती मारायला उभी राहायला पाऊण तास उरला होता.

पुतणीच्या डोळ्यांत पाणी. सर काही न बोलता पिस्तूल घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. नळी भिंतीकडे केली, रिकाम्या पिस्तुलाचा खटका चढवला आणि मुठीवर तळहाताने हलकीशी थाप मारली. ट्रिगरला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

खट्ट!

तेव्हा मात्र सरांचा चेहरा बदलला. शेजारचा स्क्रू होता तो आतल्या आकड्याच्या पकडीचा. हा आकडा खटक्याला अडवून धरतो. त्याची पकड केसाएवढी उरली होती. छर्रा भरून पिस्तूल टेबलावर जरा आपटून ठेवलं असतं तरी ते सुटलं असतं. आणि शेजारच्या जागेवर दुसरी मुलगी उभी असते.

"हे तू केलंस की दादांनी?" सरांनी विचारलं. दादा पुढे होऊन काही बोलणार, तोच पुतणी म्हणाली, "मी केलं सर. बाबांना माहीत नाही."

सरांनी एकेक स्क्रू फिरवला. पुस्तिकेप्रमाणे आधी पकड पूर्ण, मग वजन. प्रत्येक वेळी थाप मारून बघितलं, चार वेळा, पाच वेळा. वजन आता अंदाजाने जड झालं होतं. तोलून बघायला वेळ नव्हता. पंचांकडे परत नेलं. वजन उचललं, हवेत तरंगलं, खटका जागच्या जागी. पास!

असं मोठ्यांच्या बाबतीतही घडतं. मनू भाकर २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेली होती. ऐन पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं. ते दुरुस्त करण्यात तिचा मोलाचा वेळ गेला. घड्याळ काही थांबत नाही. ५७५ गुण, बारावा नंबर, अंतिम फेरी हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसला दोन ब्राँझपदकं घेऊन आली. तिचा दोष काहीच नव्हता, यंत्रच ते. आमच्या बाईसाहेबांचं मात्र तसं म्हणता येत नाही!

त्या दिवशी पुतणीने जड ट्रिगरवर साठ छर्रे मारले. पहिले दहा फारच वाईट, ७९. हात थरथरत होता. मग हळूहळू सावरली. शेवटी ५०६ गुण. सरावापेक्षा नऊ कमी. नंबर सांगण्यासारखा आला नाही. भोकं मात्र मी मोजून बघितली. डावीकडे तेवढीच, उजवीकडे तेवढीच.

घरी येताना बसमध्ये कोणी फारसं बोललं नाही. दादा कसला तरी हिशेब करत होता, बोटांवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उशिरा आला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. पितळेचा एक चकचकीत ठोकळा, वर वाकवलेल्या तारेचा आकडा.

"चाळीस मिलिमीटरचा रॉड होता शिल्लक," तो म्हणाला. "सत्तेचाळीस लांबी हिशेबाने निघाली. अठ्ठेचाळीस कापला, आणि गुजरीत ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवून ठेवून उतरवत आणला. आकड्यासकट बरोबर पाचशे."

सरांच्या परवानगीने आता दर रविवारी पिस्तुलाची तपासणी होते, सर किंवा दादा समोर असताना. ॲलन की दादाच्या पेटीतून सरांच्या पेटीत गेली आहे. पुतणीने शंभर पानी वही घातलीय. पहिल्या पानावर लिहिलंय : "तळव्याची फळी ३ मिमी वर. मागची साइट ३ खटके डावीकडे. दुसरा टप्पा पाव फेरी घट्ट. पाचशेचं वजन उचललं, पडलं नाही. थाप १० वेळा, पडलं नाही."

आणि त्याखाली, वेगळ्या शाईत : "बाबांच्या वजनाने मी आजीचा खलबत्ता पण मोजला. ते चालतं का, सरांना विचारणे."